मानाचं लुगडं

डॉक्टर तेजश्रींनी रंगीत ठिपक्यांनी भरलेलं पान सोमेश्वरसमोर धरलं.

“यात काय दिसतं?”

“ठिपके.”

“ठिपक्यांत एखादा आकडा दिसतो का?”

सोमेश्वरनं मान पुढं काढून पाहिलं, मागं घेऊन पाहिलं. “न्हाई.”

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या त्याच्या आईला, कडूबाईला, राहवलं नाही. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. आकडा कोणता ते तिला सांगता आलं नसतं, पण हिरव्या ठिपक्यांतून गेलेली तांबडी रेघ तिला लख्ख दिसत होती. तिनं पानावर बोट टेकवलं, आडवं नेलं आणि खाली ओढलं.

“ही काय. अशी.”

सोमेश्वर तिच्या बोटाकडं बघत राहिला. बोट जिथून गेलं तिथं त्याला काहीच दिसत नव्हतं.

बसचालकाच्या भरतीत तो बाकी सगळ्यात पास झाला होता. शेवटी वैद्यकीय तपासणीत डोळ्यांवर नापास केलं. कडूबाईला ते पटलं नव्हतं, म्हणून ती शिरूर कासारहून त्याला घेऊन बीडच्या या दवाखान्यात आली होती.

“बाई, ह्याच्या डोळ्यात खोट असंलच कशी?” ती म्हणाली. “डोंगराच्या ह्या अंगाला हुबा ऱ्हाऊन पल्याडचं लंगडं मेंढरू वळखतो.”

“नजर त्याची चांगलीच आहे, मावशी. तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, एवढंच.”

“मग आमाला इतक्या वरसांत कळलं कावून न्हाई?”

“मेंढरं कोणत्या रंगाची आहेत तुमची?”

“काळी. न्हाईतर पांढरी,” कडूबाई म्हणाली.

“सिग्नल मी वरचा-खालचा बघून वळखतो, म्याडम,” सोमेश्वर म्हणाला. “कदी चुकलो न्हाई.”

“आणि अंधारात लांबून एकच दिवा दिसला, तर?”

सोमेश्वरनं आईकडं बघितलं.

“थेंब द्या, आपरेशन करा,” कडूबाई म्हणाली. “लागंल ते करू.”

“यावर औषध नाही, मावशी. हे जन्मापासूनच असतं. बस चालवता येणार नाही. रंगाशी संबंध नाही असं दुसरं कुठलंही काम तो करू शकेल.” डॉक्टर कडूबाईकडं वळल्या. “मुलाला हे आईकडून येतं.”

“मंजी माज्यामुळं झालं?”

“तुमच्यामुळं नाही. तुमच्यातून आलं. बायकांना स्वतःला सहसा काही होत नाही, त्या नुसतं पुढं देतात. तुम्हाला ते तुमच्या वडलांकडून मिळालं असेल. त्यांना रंग नीट ओळखू यायचे का?”

 कडूबाई त्या ठिपक्यांच्या पानाकडं बघत होती. मग तिनं विचारलं, “असल्या माणसाला हिरवं आन मातकट एकच दिसतं का?”

“दिसू शकतं. गडद हिरवा आणि तपकिरी यांत तर हमखास गफलत होते.”

मग कडूबाईनं सांगितलं. तिच्या लग्नात तिच्या सासूला मानाचं हिरवं लुगडं द्यायचं ठरलं होतं. बा एकटाच पाटोद्याच्या बाजाराला गेला आणि घेऊन आला. कागदातलं लुगडं मांडवातच उघडलं. शेणाच्या रंगाचं निघालं. सासूनं ते सगळ्यांदेखत खाली टाकलं. बा अधूनमधून घ्यायचा. त्यामुळं तो पिऊन बाजारात गेला आणि दुकानदारानं गळ्यात मारलं, असं सगळ्यांनी धरलं. त्यानं बिरोबाची आण घेतली. म्हणाला, थेंबाला शिवलो न्हाई, आन लुगडं हिरवंच हाय. लुगडं तर सगळ्यांच्या पुढ्यात पडलेलं. देवाची खोटी आण घेतली म्हणून बा मरेपर्यंत मायनं त्याच्या हातात देवाचा भंडारा दिला नाही.

“जत्रंत समदे उधळायचे,” कडूबाई म्हणाली. “बा लांब हुबा ऱ्हायचा.”

“हे तू कदी सांगितलं न्हाई, आई,” सोमेश्वर म्हणाला.

“त्यात काय सांगायसारखं व्हतं?”

डॉक्टरांनी पान मिटून ठेवलं. बाहेर पुढचा पेशंट थांबला होता.

दवाखान्याच्या पायरीवर सोमेश्वरनं तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला. “वर्कशापच्या जागा निघायच्या हायेत म्हणत्यात,” तो म्हणाला. “तितं भरून बघतो.”

“बघ,” कडूबाई म्हणाली. “आदी मला मामाच्या घरी फोन लावून दे. मायला द्या म्हण.”

म्हातारीला कमी ऐकू यायचं. कडूबाईला मोठ्यानं बोलावं लागलं. आत बसलेली माणसं वळून बघायला लागली.

“माय, बा प्याला नव्हता.”

“कोण?”

“बा. माज्या लग्नात. त्याला ते लुगडं हिरवंच दिसत व्हतं. त्याच्या डोळ्याचं व्हतं ते. आपल्या सोम्याला बी तेच हाय. डाक्टरीणबाईनं आत्ता दावलं मला.”

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

“कट झाला का?” सोमेश्वरनं विचारलं. कडूबाईनं हातानंच त्याला थांबवलं.

“मग सांगितलं कावून न्हाई त्यानं?” बऱ्याच वेळानं म्हातारीचा आवाज आला. “इतकी वरसं माज्या म्होरं बसून जेवला. एकदा बी बोलला न्हाई.”

“काय सांगंल, माय?” कडूबाई म्हणाली. “त्याला तरी कुटं म्हाईत व्हतं.”