काळी घार दुसऱ्या मजल्यावर

दार उघडणारी बाई जराही दचकली नाही. समोर काळा मुखवटा होता, त्यावर पुठ्ठ्याची चोच, खांद्यांना जुन्या पडद्याचे पंख, पायांत चंदेरी रंग फासलेले गमबूट.

"काकू, घोटभर पाणी मिळेल का? खाली शूटिंग चाललंय आमचं."

"माहीत आहे. ये. आधी यांना भेट."

नटीला हसू आलं. चार दिवस समोरच्या पटांगणात ती 'काळी घार' होऊन दुष्टांचा नायनाट करत होती. गुंड लाथ लागायच्या आधीच कोलमडायचे, पंख खिळ्याला अडकून टरकायचा, दिग्दर्शक भोंग्यातून सगळ्यांचा उद्धार करायचा आणि गच्चीवरची माणसं पोट धरधरून हसायची. घरात कुणी आजारी असेल, तेवढीच त्याची करमणूक, असं म्हणत ती आत गेली.

खोली लख्ख होती. पलंगावर काका पडून होते. अर्धं अंग लुळं, वाचा गेलेली. पलंग भिंतीपासून ओढून खिडकीला लावला होता. फरशीवरचे ओरखडे अजून ताजे होते. दोन्ही बाजूंनी उशा अशा ठासल्या होत्या की मान वळू नये. खिडकीतून सगळं पटांगण दिसत होतं.

काकूंनी नवऱ्याच्या कपाळावरचा घाम हळुवार टिपला. "चार दिवस तुलाच बघताहेत. मी सांगत होते ना हो, येईल म्हणून?"

नटीला हुरूप आला. तिनं पंख पसरले, आवाज घोगरा केला. "पापी, तुझी घटका भरली!"

खाली या वाक्याला हमखास हशा पिकायचा. इथे काकांचे डोळे विस्फारले. चालत्या हातानं चादर मुठीत घट्ट धरली. घशातून कसलासा आवाज आला आणि चादरीवर ओल पसरत गेली.

नटीनं पटकन पंख मिटले. "अहो काका, घाबरू नका. सिनेमातली आहे मी. सगळं खोटं आहे हे." तिनं मुखवट्याची गाठ सोडायला घेतली.

काकांचा श्वास संथ झाला. ओठांचा एक कोपरा वर गेला. त्यांची नजर नटीवरून सरकली आणि बायकोवर जाऊन थांबली. काकूंचे खांदे आपोआप आक्रसले. त्या दोन पावलं मागे सरल्या, भिंतीला टेकल्या.

"सोडू नकोस गं," त्या हलकेच म्हणाल्या. "तीस वर्षं हे दाराला कडी घालून मला एकच सांगायचे. ओरड हवं तेवढं, बघू कोण येतंय."

खाली भोंगा घारीला हाका मारत होता. नटीनं गाठ पुन्हा आवळली आणि आतून कडी घातली.