बहिणीकडे

"नागपुरात कोणाकडे गेले होते, भाऊ?"

गावची आशा कार्यकर्ती कामिनी फाटकाबाहेर उभी राहून विचारत होती. भूपेंद्रचा रिपोर्ट सकाळीच पॉझिटिव्ह आला होता. सिहोऱ्यात तोपर्यंत कोणाला कोरोना झाला नव्हता. रस्त्यापलीकडे माणसं लांब उभी राहून बघत होती, आणि मागे दारात त्याची बायको उर्वशी उभी होती.

"बहिणीकडे," भूपेंद्र म्हणाला. "डिंपलकडे."

हे उत्तर त्याला शोधावं लागलं नाही. कित्येक वर्षं तो घरात हेच सांगत आला होता. राइस मिलच्या कामानं तो नागपूरला जाई. काम दुपारपर्यंत आटोपे. मग तो बाजारामागच्या एका इमारतीचा जिना चढे. बाहेर मसाज पार्लरची पाटी होती. आत काय चालतं ते तिथं जाणाऱ्या सगळ्या पुरुषांना माहीत होतं. घरी उशीर झाला की 'डिंपलकडे जेवलो' एवढं पुरत असे.

लॉकडाउन लागला आणि पार्लर बंद झालं. आधी भूपेंद्रला वाटलं, बरं झालं, सुटलो. पण दिवस जाऊ लागले तसा तो चिडखोर झाला. भरल्या ताटावरून उठू लागला. उर्वशीनं एकदा खांद्यावर हात ठेवला, तर त्यानं तो झटकला. जूनमध्ये पार्लरवाल्याचा निरोप आला. पाटी उतरवली आहे, मागच्या जिन्यानं या. तांदळाच्या ट्रकांना रस्ता मोकळा होता. भूपेंद्र ड्रायव्हरशेजारी बसून गेला.

तिथली मुलगी मास्क लावूनच आली. "राहू द्या ना," ती म्हणाली. त्यानंच तो काढायला लावला.

आता अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसल्यावर त्यानं डिंपलला फोन लावायला घेतला. पण सांगणार काय? ती 'आला नव्हता' म्हणेल, काहीतरी ऐकण्यात चुकलं असं समजून सरकारी माणसं विषय सोडतील, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि फोन खिशात ठेवला.

तुमसरच्या कोविड सेंटरात उर्वशीचा फोन आला.

"डिंपलबाईले क्वारंटाइनमंदी घेऊन गेले. त्यांच्या सासूलेबी. घराले पत्रे ठोकले."

"कायले? तिनं काय सांगितलं?"

"काय सांगन? खरं तेच सांगितलं. दादा आला होता, जेवून गेला म्हणे." उर्वशीनं आवाज खाली केला. "तुमी बाहेर राहायचे तं माह्या मनात भलतंच येत होतं. डिंपलबाईनं सांगितलं अन् मले माहीच लाज वाटली."

तिचा इतका मऊ आवाज भूपेंद्रनं किती तरी महिन्यांत ऐकला नव्हता.

कामिनीला एक फोन केला असता तर डिंपल आणि तिची सासू सुटल्या असत्या. पार्लरमधल्या त्या मुलीचीही कोणी तपासणी केली असती. भूपेंद्रनं नंबर काढला, की उर्वशीचा आवाज आठवे आणि बोट थांबे. दोघींचे रिपोर्ट निगेटिव्ह आल्याचं कळलं तेव्हा त्याला हायसं वाटलं. थोड्या दिवसांनी घरी जातील, तो स्वतःशी म्हणाला. कशाला उगाच.

डिंपलची सासू ललिताबाई, तिला क्वारंटाइन सेंटरात नेलं तेव्हा धडधाकट होती. तिथं एका हॉलमध्ये पुष्कळ खाटा होत्या आणि न्हाणी सगळ्यांची एकच. तिला ताप तिथं आला. पुन्हा तपासलं तर पॉझिटिव्ह. भूपेंद्र बरा होऊन घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी ती गेल्याचा निरोप आला. तिची तिरडी घरच्या अंगणातून निघाली नाही, परगावी अडकलेल्या तिच्या मुलाला तोंड बघता आलं नाही.

भूपेंद्रनं तेव्हा कामिनीला बोलावलं. उर्वशीसमोर सांगितलं. कुठं गेला होता, कशाला, कोणत्या जिन्यानं. कामिनीनं मान वर केली नाही. उर्वशीनं शेवटपर्यंत ऐकलं, मग मुलाला घेऊन नाकाडोंगरीला माहेरी निघून गेली. नागपूरच्या माणसांनी जाऊन पाहिलं. ती जागा रिकामी होती, मुली कुठं गेल्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तो तलावाच्या बांधावर बसला आणि त्यानं डिंपलला फोन लावला.

"दादा, तुही तब्येत कशी आहे?" तिनं आधी हेच विचारलं.

"डिंपल, मी तुह्याकडे आलोच नव्हतो. तू 'हव, आला होता' काहून म्हटलं?"



"लग्न झालं तवापासून तू माह्या घरी आला नाही, दादा. दर सणाले मी तुह्या वाटणीचं रांधत होती. सासूबाई विचारायच्या, तुले भाऊ आहे ना वो? त्या दिवशी दवाखान्याच्या साहेबानं त्यांच्यासमोर विचारलं, तुमचा भाऊ आला होता काय? माह्यानं नाही म्हणवलं नाही. घरीच राहा म्हणतीन, एवढंच वाटलं मले."

"पण सासूबाईले तं माहीत होतं, मी आलो नाही."

"म्या त्यांले सांगितलं, तो आला तवा तुमी निजल्या होत्या." डिंपल म्हणाली. "गाडीत बसेपर्यंत माह्यावर रागावल्या त्या. म्हणे, तुहा भाऊ पहिल्यांदा घरी आला, अन् तू मले उठवलं काहून नाही?"