मरणाचा मामा

"हे पीठ आहे, बाई. कसावाचं पीठ." लुकोकीने पुडीत बोट बुडवून न्सोनासमोर चाटून दाखवलं. "त्यात चुलीची काजळी. दुसरं काही नाही."

न्सोना जागची हलली नाही. पहिलवानांच्या कपडे बदलायच्या पत्र्याच्या खोलीत, ऐन दारात ती फतकल मारून बसली होती. मांडीवर तिची तान्ही तुझोला तापाने फणफणत होती. मधूनच पोरीचे डोळे वर जात आणि हातपाय ताठत. चौकात कणकेचे गोड गोळे तळून विकणारी ही बाई. लुकोकी रोज सकाळी तिच्याकडचे गोळे खायचा, आणि आज तीच त्याची वाट अडवून बसली होती.

बाहेर ढोल घुमत होते. सगळी किम्बान्सेके वस्ती 'मामा, मामा' करत होती. लुकोकी हे त्याचं नाव त्याच्या आईखेरीज कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तो मरणाचा मामा. कुस्तीच्या दिवशी उघड्या ट्रकवर शवपेटीत आडवा होऊन वस्तीभर मिरवायचा. रिंगमध्ये पेटीतून उठायचा, पूड फुंकायचा, आणि समोरचा ठरलेला गडी बिकिंदू ताठ होऊन कोसळायचा. बायका छाती पिटायच्या. मग मामा त्याच्या कानात फुंकर मारायचा आणि मेलेला बिकिंदू डोळे उघडायचा. याच्यावर मामाची सारी कारकीर्द उभी होती. किन्शासात एवढं नाव दुसऱ्या पहिलवानाचं नव्हतं.

पोरीला पुलापलीकडच्या दवाखान्यात ने, असं तो परोपरीने सांगत होता. मीच ट्रकने पोचवतो म्हणाला. त्याने हात पुढे केला तशी तिने पोरीला घट्ट आवळलं.

"थोरला माझा त्याच दवाखान्यात गेला," न्सोना म्हणाली. "तिथं माणसं मरतात, मामा. तुमच्या हातची मेलेली उठतात. मी डोळ्यांनी बघितलंय."

लुकोकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अडाणी बाई! अडाणी वस्ती! डोळ्यांदेखत लेकरू चाललंय आणि ही पिठाला हात जोडतेय. पण शिव्या घालायच्या तरी कुणाला? हे खूळ त्यानेच त्यांच्या डोक्यात भरलं होतं, आणि त्याच्यावरच घर बांधलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्याने बिकिंदूला कोपऱ्यात ओढलं. आज पूड फुंकली तरी पडायचं नाही, आज मला पाड, असं दरडावून सांगितलं. मामाच हरला तर बाईची आशा सुटेल आणि ती दवाखान्याची वाट धरेल, असा त्याचा हिशेब होता.

बिकिंदू घाबरला. "मामा, मला नुसतं मरता येतं हो," तो म्हणाला.

कुस्ती चहा निवायच्या आत संपली. मामाने पूड फुंकली, बिकिंदू खांबासारखा उभाच राहिला. नुसता शिंकला. मग मामाच पाठीवर पडला आणि पडून राहिला. गर्दी बघायला पुढे सरकली. तेव्हा तो उठला, दोरांना धरून गळ्याच्या शिरा ताणून ओरडू लागला. हे पीठ आहे, मी तुम्हाला फसवलंय, माझ्यात कसलीही विद्या नाही, पोरंबाळं आजारी पडली तर दवाखान्यात न्या. पालथ्या घड्यावर पाणी. आधी कुणीतरी शिट्टी मारली, मग चप्पल आली, मग चपलांचा पाऊस. लोकांनी बिकिंदूला खांद्यावर घेतलं. मामाची विद्या गेली, बिकिंदूची विद्या भारी! एका दुपारी सगळी कारकीर्द मातीत गेली, आणि तीही फुकट. कारण लुकोकी वळून बघतो तर दारातली जागा रिकामी होती.

ती बाहेर ट्रकपाशी सापडली. बिकिंदूच्या पायांशी गुडघे टेकून, पोरीला त्याच्यापुढे धरून.

लुकोकी मुठी वळून धावला. ज्याला आयुष्यभर पाडलं, त्याला आज खरोखर पाडायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण बिकिंदूच्या तोंडाला अजून ते पीठ तसंच होतं. त्याने डोळे फिरवले, पोरीच्या कपाळावर पंजा ठेवला आणि एवढा आवाज काढला की ढोलवाले थांबले.

"माझी विद्या मामासारखी पिठातली नाही. ती सुईतून जाते. पुलापलीकडच्या दवाखान्यात पांढऱ्या डगल्याची बाई आहे, तिला मी आत्ता इथून मंत्राने बांधून घेतलंय. सुई ती टोचेल, हात माझा असेल. सूर्य बुडायच्या आत पोच, नाहीतर माझा इलाज नाही."

लुकोकीच्या मुठी सुटल्या. इतकी सोपी गोष्ट. आपण मात्र रागाच्या भरात तिला खरं सांगत बसलो.

न्सोना उठलीच. ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला, आणि गाडी चालवायला चढून बसणारा लुकोकी दिसताच ती थबकली. हरलेल्या माणसाची गाडी. पोरीला अपशकुन नको.

बिकिंदूने एकदा लुकोकीकडे बघितलं. त्या नजरेने माफी मागितली.

"बस गं, भिऊ नकोस," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तो आजपासून माझा चाकर आहे."

आणि मरणाच्या मामाने भर वस्तीसमोर मान खाली घातली, "होय मालक" म्हटलं, आणि गाडी पुलाकडे सोडली.