पाच टाके

सरांनी पाकिटाची कड फाडली आणि ताईंनी श्वास रोखला. प्रयोगशाळेत सगळेच त्यांना ताई म्हणत. खऱ्या ताई त्या एकाच माणसाच्या. धाकटा भाऊ शिडीवरून पाठीवर पडला, त्याला तीन वर्षं झाली. कंबरेखाली नुसता दगड. आज निघताना त्याने पडल्या पडल्या विचारलं होतं, "ताई, आज पाकीट फोडणार ना गं?"

पाकिटात चोवीस उंदरांची यादी होती. सगळ्यांच्या मज्जारज्जूला सारखीच इजा केलेली. बारा जणांच्या जखमेत सरांनी बनवलेलं जेल भरलं होतं. तुटलेल्या नसांना वाढायला आधार द्यायचा आणि आपण विरघळून जायचं, एवढंच त्याचं काम. उरलेल्या बारांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलंय हे ताईंना कळता कामा नये, कारण उंदरांचं चालणं बघून एकवीसपैकी गुण त्याच देत. जेल पास झालं की माणसांची पाळी, आणि त्या यादीत भावाचं नाव घालायचं सरांनी कबूल केलं होतं.

पण ताईंना डोळे होते. काही उंदरांच्या पाठीवर तीन टाके होते, काहींच्या पाच. जेल भरायचं म्हणजे चीर मोठी, टाके जास्त. एवढं काय कुणी शिकवायला हवं? मग पाच टाकेवाल्याने नुसता पाय हलवला तरी त्या सढळ हाताने दोन गुण वाढवत. तीन टाकेवाल्यांना मात्र हात आखडता. चौदा नंबरचा तर एकदा चारी पंजे टेकून, अंगाचा भार पेलत ट्रेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मेल्याला आत्ताच चालायचं होतं, असं पुटपुटत त्यांनी अकराऐवजी सात लिहिले.

"चौदा नंबर, जेल," सरांनी वाचलं.

"चौदा?" ताईंच्या तोंडून निघून गेलं. "त्याला तर तीनच टाके होते."

"जेलचे सगळे मी शिवले, मला तीन पुरतात. पाण्याचे शिकाऊ डॉक्टरांनी शिवले. ते घालतात पाच-पाच." सर कौतुकाने हसले. "काय नजर आहे तुमची!"

मग त्यांनी सरासरी काढली. जेल नऊ, पाणी नऊ. चष्मा काढून ते बराच वेळ डोळे चोळत बसले. "फरक शून्य. सहा वर्षं फुकट गेली. बंद करू या."

आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. ताईंनी तो भावाच्या पायावर पाडला होता, आणि त्याला तर तो लागलेलाही कळणार नव्हता. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. नोकरी गेली असती, अब्रू गेली असती, जेल वाचलं असतं. ताईंनी तोंड उघडलं.

"सर, एकदा पुन्हा करून बघू या ना."

"दुसऱ्या कुणी गुण दिले असते तर नक्की केलं असतं," सर यादीची घडी घालत म्हणाले. "पण ताई, तुम्ही सख्ख्या भावासाठीसुद्धा अर्धा गुण इकडचा तिकडे करणार नाही."