पुढच्या रांगेतला ओकेलो

पुंजाराम मास्तरांनी पेटीचा भाता ओढला आणि डोळे मिटून घेतले. तिसरं कडवं आलं होतं. दुसऱ्या ओळीला सगळं गायनमंडळ वर चढलं आणि पुढच्या रांगेत मधोमध उभा असलेला ओकेलो वाट फुटेल तिकडं गेला. त्याचा आवाज खणखणीत होता, हीच अडचण होती. बारीक आवाजाचा माणूस बेसूर असला तर त्रास फक्त शेजारच्याला होतो. ओकेलो गायला लागला की चर्चबाहेरच्या टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून उठायची.

चर्चच्या गायनमंडळांची स्पर्धा रविवारवर आली होती. मागच्या वर्षी ढाल बिडकीनच्या मंडळींनी नेली होती. शहरात राहून बिडकीनसारख्या खेड्याकडून हरणं मास्तरांना नेमकं जेवताना आठवायचं.

ओकेलो युगांडाचा. इथं फार्मसी शिकायला आलेला. विद्यापीठाच्या आसपास जिथं जिथं ‘खोली भाड्याने देणे’ अशी पाटी होती, तिथं तिथं त्याला पाहिल्याबरोबर खोली कालच गेलेली निघायची. पाटी मात्र कुठं जायची नाही. हे पाळकसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी उपदेशच त्यावर केला. परमेश्वराच्या घरात काळं-गोरं काही नसतं, म्हणाले. मंडळी हेलावली. चर्चमागची खोली ओकेलोला मिळाली. प्रत्येकानं त्याचा हात हातात घेतला, काहींनी दोनदा घेतला. चर्चच्या कमिटीचे तात्यासाहेब मुलासाठी गोरी मुलगी शोधत होते, त्यांनी तर कडकडून मिठी मारली. मग एकमतानं त्याला गायनमंडळात पुढं उभं करण्यात आलं. त्या लोकांच्या रक्तातच गाणं असतं, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं होतं.

“मला गाणं येत नाय,” असं ओकेलो तेव्हाच म्हणाला होता. मराठी तो खानावळीच्या बाईकडून शिकलेला, त्यामुळं बोलणं अगदी स्पष्ट होतं. मंडळींना त्याच्या नम्रतेचं फार कौतुक वाटलं.

मास्तरांनी उपाय करून पाहिले. त्याला मागच्या रांगेत न्यावं म्हटलं, तर पाळकसाहेब म्हणाले, अहो, फोटो निघणार आहेत, आणि आपण त्यालाच मागं ढकलायचा? त्याच्या हातात खंजिरी दिली, तर ताल इतका बिघडला की लोकांना त्याचं गाणं बरं वाटू लागलं. त्यानं नुसतं तोंड हलवावं असं सुचवलं, तेव्हा पाळकसाहेब गंभीर झाले. म्हणजे आवाजच दाबायचा ना मास्तर, शतकानुशतकं हेच होत आलंय. मास्तर स्वतः ओकेलोपेक्षा फार तर चमचाभर दुधानं उजळ होते, तरी त्या दिवसापासून कमिटी त्यांच्याकडं जरा संशयानं बघू लागली.

आणि आता पुन्हा तीच ओळ. ओकेलोनं छाती भरून घेतली. मास्तरांचा हात पेटीवर आपटला.

“ओकेल्या, गाढवा, गप की रे आता!”

बाकावर बसलेल्या पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. तात्यासाहेब छताकडं बघायला लागले. मास्तरांच्या थोरल्या बहीण दगडाबाई जन्मभर त्यांच्या डाव्या हाताला उभ्या राहून गात आलेल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. मास्तरांना आपल्याच जिभेची भीती वाटली. माफी मागायला ते उठणार, तोवर ओकेलो रांगेतून उतरून समोरच्या बाकावर जाऊन बसलासुद्धा होता. त्यानं शर्टाचं वरचं बटण काढलं आणि पाय लांब केले. परीक्षा संपल्यावर पोरं बसतात तसा.

“माझी आई बी हेच म्हणती,” तो म्हणाला.

“मंग लेकरा, इतके दिस कामून गायलास?” दगडाबाईंनी विचारलं.

“मला वाटलं, गाणं सोडलं तर खोली बी सोडावी लागंल.”

कोणी कोणाकडं पाहिलं नाही. पाळकसाहेबांनी बायबल उघडलं आणि मिटलं. खोली देणं न देणं कमिटीच्या हातात होतं आणि मास्तर कमिटीत साधे सभासदही नव्हते, तरी बोलले तेच.

“खोली तुझी,” ते म्हणाले. “तू मुका झालास तरी तुझीच.”

तात्यासाहेबांनी छताकडं बघतच मान हलवली. ठराव पास झाला.

मास्तरांच्या छातीवरचा दगड उतरला. त्यांनी सगळ्यांना पहिल्यापासून गीत घ्यायला लावलं. आता मधे कोणाचा अडथळा नव्हता. मंडळ मोकळ्या गळ्यानं गायलं, आणि त्यांत सर्वांत मोकळा गळा मास्तरांचा होता. तिसऱ्या कडव्याला त्यांचे डोळे आपोआप मिटले आणि मिटल्या डोळ्यांपुढं ढाल दिसू लागली. शेवटचा सूर त्यांनी पोटभर लांबवला. मग घाम पुसून मोठ्या मनानं बाकाकडं वळले.

“काय ओकेलो, आता कसं वाटलं?”

ओकेलोनं पाळकसाहेबांकडं पाहिलं. ते त्याच्याकडं बघून नेहमी हसत तसेच, उत्तेजन दिल्यासारखे हसले. त्यानं मग मास्तरांकडं पाहिलं.

“मास्तर, तुमी बी बेसूरच हाय.”

मास्तरांच्या हातातून भाता सुटला, त्याची हवा हळूहळू जात राहिली. पाळकसाहेब घाईघाईनं उठले, दोन्ही हात वर करून म्हणाले, आपण प्रार्थना करू या. पण कुठल्या विषयावर करावी हे त्यांना सुचेना.

“आमेन,” दगडाबाई म्हणाल्या.