सतरावं साल

“अहो, हे नमुने आधीच्या तिसऱ्या सालचे आणि हे सोळाव्या सालचे! एकत्र काय करताय? ताई माझा जीव घेतील,” असं म्हणत काज-बटणवाल्या मावशींनी मास्तरच्या हातातला खाकी कागदांचा गठ्ठा काढून घेतला.

मास्तर ओशाळला. नुसतं बसून राहणं जिवावर आलं म्हणून त्याने कागद आवरायला घेतले होते. एके काळी हे शिवणकामाचं दुकान त्याचंच होतं. समोर कापड बेतत होती ती त्याची मुलगी. तो गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती, टेबलाखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची. आता तिची कात्री त्याच्याहून सरळ चालत होती. मावशींना तिने ‘हे जुने मास्तर’ एवढंच सांगितलं होतं. बाबा म्हणायचं तिने अजून तरी टाळलं होतं. ताई म्हणजे तिची आई, मास्तरची बायको. ती एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेली होती, तासाभरात येणार होती.

पंधरा दिवसांत येतो असं सांगून तो मोठ्या शहरात कामाला गेला होता. तिथून दोन पत्रं टाकली. मग काम सुटलं. तिसरं पत्र कोणत्या तोंडाने लिहायचं म्हणून लिहिलं नाही, आणि जे राहिलं ते राहिलंच. पंधरा दिवसांची एकोणीस वर्षं झाली. आता डोळे सुईत दोरा ओवू देईनात, आणि त्याला घरी राहायचं होतं. बायकोला सांगायला त्याच्यापाशी एकच वाक्य होतं, वाटेत घासूनपुसून लख्ख केलेलं. तुम्ही मला केव्हाच मनातून काढून टाकलं असेल असं वाटलं, म्हणून आलो नाही.

“आधीचं साल म्हणजे काय, मावशी?” त्याने विचारलं.

“आमच्या दुकानाचं वेगळं कॅलेंडर आहे,” मावशी खुशीत म्हणाल्या. “भिंतीवरचं ते गिऱ्हाइकांसाठी. आत्ता आमचं सतरावं साल नुकतंच लागलंय. हे मशीन पाचव्यातलं. मी सहाव्यात कामाला लागले आणि नवव्यात मला चष्मा लागला. पहिल्या सालाच्या मागचं सगळं आधीचं, ते उलटं मोजायचं. आधीचं तिसरं, दुसरं, पहिलं. ते संपलं की थेट आपलं पहिलं. मध्ये शून्य नाही. सुरुवातीला माझं तर डोकंच फिरलं होतं!”

“पण पहिलं साल कशापासून?”

“ते ताईंना विचारा. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.” मावशी दोऱ्याची रिळं आणायला आतल्या खोलीत गेल्या.

मास्तरला विचारायची गरज नव्हती. आग लागून गेली, पूर येऊन गेला, की लोक त्यावरून वर्षं मोजतात. या घराने त्याच्या जाण्यावरून मोजली होती. भिंतीवरच्या खिळ्यांना नमुन्यांचे गठ्ठे टांगले होते. प्रत्येकावर त्याच्या बायकोच्या अक्षरात पेन्सिलीने आकडा होता, आणि प्रत्येक आकडा त्याच्याकडे बोट दाखवत होता. त्याचे कान तापले. त्यातही कुठेतरी आत त्याला बरं वाटलं, की निदान आपण यांच्या लेखी एवढे मोठे तरी होतो. मग त्या बरं वाटण्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

पण माप जुळेना. सतरा कसे?

“तीन वर्षं कमी भरतायत,” तो मुलीला म्हणाला. चुकलेली बाही दाखवताना लागायचा तोच जुना मास्तरी सूर नकळत लागला. “मला जाऊन एकोणीस पूर्ण झाली. तुमचं एकोणीस संपून विसावं लागायला हवं.”

“बरोबर आहे आमचं,” ती मान वर न करता म्हणाली. “तुम्ही आधीच्या तिसऱ्या सालाच्या पहिल्याच दिवशी गेलात. ती तीन, आणि ही पुरी झालेली सोळा. भरली एकोणीस.”

“म्हणजे पहिलं साल मी गेलो तिथून नाही?”

“नाही.” तिने खडूने गळ्याची रेघ ओढली. “तुम्ही गेल्यावर आई रोज रात्री तुमचं ताट वाढून झाकून ठेवायची. सकाळी तेच ती खायची. मी हसायचे, चिडायचे. एकदा तर ताट उपडं केलं होतं. तीन वर्षं झाली त्या रात्री तिने ताट झाकलं नाही. तिथून पहिलं साल.”

मास्तर खिळ्यांकडे बघत राहिला. मग त्याची बोटं मांडीवर हलायला लागली.

“काय मोजताय?”

“काही नाही.” पण आता गप्प बसवेना. “मी आलो होतो एकदा. कोपऱ्यापर्यंत. रात्र झाली होती. घरात दिवा दिसत होता. तासभर उभा होतो. वाटलं, आता आपली वाट कोण बघतंय इथे. मग तसाच परत गेलो.”

मुलीच्या हातातला खडू थांबला.

“कधी?”

“गेल्यावर अडीच वर्षांनी.”

तिला मोजायला बोटं लागली नाहीत. “आधीचं पहिलं साल,” ती म्हणाली. “जेवण झाकलेलं होतं.”