निम्मं रक्त

इस्लामपूरच्या दवाखान्यात बनुबाईंचं डायलिसिस चालू होतं आणि कडेवरच्या लेकीला सावरत त्यांची सून उत्कर्षा डॉक्टरांना खोदून खोदून विचारत होती.

"शुगर पुष्कळांना असते," डॉक्टर म्हणाले, "पण ती किडनीवर जाणं काही घराण्यांच्या रक्तातच असतं. यांच्या दोन्ही भावांचंही तेच झालं ना? तेव्हा मिस्टरांना जपा. मुलीची एवढी धास्ती घेऊ नका. तिच्यात निम्मं रक्त तुमचं आहे."

उत्कर्षानं लेकीला आणखी जवळ ओढलं.

बनुबाई मात्र पडल्या पडल्या कौतुकानं हसल्या. "निम्मं कशाचं, डाक्टर? सून म्हंजी माज्या सख्ख्या भावाचीच लेक हाय की! भायेरचं रक्त आमी घरात येऊच दिलं न्हाई."